घडीवरच्या चार ओळी

शुक्रवार, ११ नोव्हेंबर १९९४. बारामती

‘सणसरच्या मावशीला लेकीचं पत्र पूर्ण वाचून दाखवलं’, असं काल या वहीत लिहिलंय. ते खोटं आहे. आंतरदेशीय पत्राच्या घडीवर दाटीनं लिहिलेल्या चार ओळी मी सोडल्या. कादंबरीची शेवटची वीस पानं उरली होती, मनी मांजर उघड्या पुस्तकावर ऐसपैस बसली होती आणि मावशी काही उठेना.

“एवढंच हाय व्हय?”

“व्हय मावशी, एवढंच.”

“ऊस, सासू, म्हस, समद्यांचं लिवलं. दिवाळीला आली न्हाय, आन् आईची सयबी न्हाय भवानीला!” मावशी हसली, पण पत्र पदरात बांधताना तिनं डोळे पुसले.

त्या चार ओळींत आईची आठवणच असेल तर? आता कळायचं कसं? तिच्या घरात वाचणारं कुणी नाही. आमच्यातही शिकलेली मी एकटीच, म्हणून तर बाजार करून ती माझ्याकडं येते. कादंबरी संपली, पण डोळ्यांपुढं त्या चार ओळीच.

आई म्हणते, “यील की फुडच्या बाजारला.” तोवर ती लेकीवर रुसून राहणार. घरात पाहुणे, रविवारपर्यंत मला हलता येत नाही.

सोमवारी, चौदा तारखेला, पहिल्या एसटीनं सणसरला जाणार.