बंद कॉम्प्युटरचा मक्ता

मैत्री सोसायटी, घाटकोपर (पूर्व)

माझ्या एकुलत्या एका अक्काला,

धम्मपालचा सप्रेम जय भीम. तुझा गुडघा काय म्हणतो? दाजींचा खोकला थांबला का? (तंबाखू थांबली असेल तर खोकला थांबला असेल, म्हणजे उत्तर मला माहीत आहे.) मी बरा आहे. फोनवर तू मला तिसऱ्या वाक्यालाच तोडतेस, म्हणून पत्र लिहितोय. कागदाला मधे बोलता येत नाही.

तर अक्का, वाट लागली. माझा कॉम्प्युटर गेला. हसू नकोस. आमच्या सोसायटीची वेबसाइट आहे ना, जिच्यावर हॉल बुक होतो, गळतीच्या तक्रारी जातात, ती बारा वर्षांपूर्वी कुणाच्या तरी भाच्याने बनवली आणि भाचा कॅनडाला गेला. ती फक्त एका जुन्या ब्राउझरमध्ये उघडते. (ब्राउझर म्हणजे इंटरनेटचा दरवाजा समज.) एके काळी जो तो याच दरवाजातून जायचा, कॉम्प्युटरसोबत फुकट मिळायचा, मग दुसऱ्याला कोण विचारतो? पुढे दुसरा आला, त्याने याला गिळलं, आणि आता जो तो त्या दुसऱ्याच्या दारातून जातो. जुना दरवाजा अख्ख्या सोसायटीत उरला एकट्या माझ्याकडे. ज्याच्या हाती ससा तो पारधी! माझी विमला गेल्यापासून ही तीन वर्षं, संध्याकाळी सात वाजले की कुणाचं बारसं, कुणाची गळती, सगळे माझ्या दारात. मी चष्मा लावतो, चहा टाकतो, तुझी कारळ्याची चटणी अन् भाकरी पुढे करतो, मग सावकाश बुकिंग. कुणी घाई केली तर म्हणतो, सर्व्हर स्लो आहे. (सर्व्हर स्लो नसतो. चहाला उकळी यायची असते.)

सोमवारी कॉम्प्युटर बंद पडला. रिक्षातून मांडीवर घेऊन स्टेशनजवळच्या जयंतीभाईंकडे नेला. त्यांनी पोट उघडलं अन् म्हणाले, काका, चिप गेली, ही आता बनत नाही. म्हटलं, बनवून घ्या की कुठून तरी! तर हसायलाच लागले. चिपा बनवणारे कारखाने म्हणे जगात बोटावर मोजण्याइतके, आणि सगळ्यात बारीक चिप ज्या यंत्रावर होते ते यंत्र बनवणारी कंपनी एकच. एकच, अक्का! माझं डोकंच फिरलं. शेजारी दुसरं दुकान असण्याची भीतीच नसेल तर गिऱ्हाइकाची किंमत काय राहते? सगळी सत्ता एकाच्या मुठीत नको, हे आपल्याला का कुणी शिकवायला हवं? दहा मिनिटं मी दुकानात उभ्याउभ्या भाषण ठोकलं. जयंतीभाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, तुमच्या सोसायटीत हॉल बुक करायला दुसरं दार कुठलं?" मी विषय बदलला. (नवा कॉम्प्युटर घेऊन उपयोग नाही, त्यात तो जुना ब्राउझर चालत नाही.) शेवटी ते मेलेलं खोकं परत मांडीवर घेऊन घरी आलो.

खाली फळ्यावर नोटीस लावली: तांत्रिक बिघाडामुळे सेवा बंद, रहिवाशांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर. वाटलं, हाहाकार उडेल. खरं सांगू? मी त्या हाहाकाराची वाटच बघत होतो. पण कुणी हूं की चूं केलं नाही. सात वाजले, आठ वाजले. चार दिवस एकटाच चहा पितोय. घर खायला उठतं गं, अक्का. तेव्हा तुझ्या प्रबुद्धला सांग, पुण्यातल्या जुन्या बाजारात ही चिप शोध म्हणावं. मामाचा जीव त्या नखाएवढ्या तुकड्यात अडकलाय म्हणावं. थोडं वाढवून सांगितलंस तरी चालेल.

तुझा धाकटा,
धम्मपाल

ता. क. पाकीट चिकटवणार इतक्यात तिसऱ्या मजल्यावरच्या सुंदराबाईंची नात रश्मी आली. तिला विचारलं, काल हॉलमध्ये बारसं झालं, ते बुक कुठून झालं? पोरगी गोरीमोरी झाली. वेबसाइट तिनेच दीड वर्षापूर्वी नवी करून दिली होती. सगळ्यांच्या मोबाइलवर उघडते. (दिसायला जुनीसारखीच ठेवली, माझ्या जुन्या दारातूनही उघडायची, म्हणून मला पत्ता नाही.) सुंदराबाईंनी मजल्यामजल्यावर ताकीद दिली होती, हॉल हवा तर धम्मपालकडे जायचं, मोबाइलला हात लावायचा नाही. नोटीस लागली अन् बिचाऱ्यांना कळेना, आता यायचं तरी कुठल्या निमित्ताने. अक्का, मी मोरीत जाऊन तोंड धुऊन आलो.

ता. क. २ प्रबुद्धला चिप शोधू नको म्हणावं. कारळ्याची चटणी मात्र दोन किलो पाठव. तिथे तुझी मक्तेदारी आहे आणि माझी काही तक्रार नाही.

ता. क. ३ आत्ता सातला सेक्रेटरी सहदेव सावंत आला. चपला काढत म्हणाला, "धम्मपाल, हॉल बुक करूचो आसा." मी चहा टाकला, चष्मा लावला आणि बंद कॉम्प्युटरसमोर बसून बटणं दाबायला लागलो. दोघंही काळ्या पडद्याकडे बघत होतो. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "झाला?" म्हटलं, "थांब रे, सर्व्हर स्लो आहे."