आधी घरी ये, मग सुधारतो

अम्मान, गुरुवार

आदरणीय मामा,

भाचा नवाफ याचा सलाम. तुमचा गुडघा, मामींचा रक्तदाब आणि तुमच्या करक गावची ऑलिव्हची झाडं, सगळ्यांची तब्येत चांगली असो. (गुडघ्याची चौकशी आधी केली म्हणून मामींनी रागावू नये. क्रमाला काही अर्थ नसतो, हे सिद्ध करण्यात आम्ही परराष्ट्र खात्यातल्या लोकांनी अख्खा आठवडा घालवलाय.) माझी तब्येत उत्तम आहे. जेवणखाण व्यवस्थित चाललंय. घरात शांतता आहे, इतकी की फ्रिज सुरू झाला की मी दचकतो.

मृत समुद्राकाठची परिषद तुम्ही बातम्यांत पाहिली असेलच. मंत्र्यांच्या खांद्यामागे जो अर्धा कान दिसत होता, तो माझा. भांडण असं होतं, की पाश्चात्त्य पाहुणे म्हणत होते, तुम्ही अरबांनी निवडणुका, मोकळी वर्तमानपत्रं, बायकांचे हक्क वगैरे सुधारणा आधी करा, पॅलेस्टाइनच्या शांततेची वाट बघत बसू नका. आमचं म्हणणं, आधी तिथला कब्जा उठवा, शांतता आणा, मग बघा आम्ही कसे झपाट्यानं सुधारतो ते. (खरं सांगू मामा, मला दोघांचंही पटतं. पॅलेस्टाइनचं दुःख खोटं नाही, आणि ते पुढे करून आपल्याकडे किती जण खुर्चीत निवांत बसलेत, तेही खोटं नाही. पण नोकरी टिकवायची तर हे फक्त कंसातच म्हणता येतं.) शेवटी वाद उरला तो एवढाच, की शांतता आणि सुधारणा एका परिच्छेदात बसवायच्या की वेगवेगळ्या. एका परिच्छेदात बसवल्या तर एकीवर दुसरी अवलंबून दिसते, आणि वेगळ्या केल्या तर एकमेकींना ओळखच दाखवत नाहीत. तेव्हा तोडगा काढला तुमच्या भाच्यानं. दोघींना एकाच परिच्छेदात ठेवलं आणि मध्ये पर्यावरणावर एक वाक्य घातलं. पर्यावरणाला कुणाचाच विरोध नसतो. टाळ्या झाल्या, कॉफी फिरली, मंत्र्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि मला दुसऱ्याच कुणाच्या तरी नावानं शाबासकी दिली.

ही बातमी सांगायला मी आनंदानं घरी आलो आणि किल्लीनं दार उघडताना आठवलं, की ऐकायला घरात कुणी नाही. तुमच्या कानावर आलं नसेल (आलंच असेल, करकला सगळं आधी कळतं), तर सांगतो. तुमची भाचेसून इन्तिसार रागावून सॉल्टला भावाकडे गेली आहे. मुलगा यझन दुबईला नोकरीला गेल्यापासून घरात आम्ही दोघंच होतो, आणि तिचं म्हणणं असं, की ती एकटीच होती. तिच्या मागण्या मोठ्या नव्हत्या. जेवताना बातम्या बंद ठेवायच्या, आणि काही विचारलं तर सरळ उत्तर द्यायचं. 'दखल घेतली आहे' हे उत्तर धरलं जाणार नाही. आता यावर नवऱ्यानं काय म्हणावं? मी म्हटलं, तुझ्या मागण्या रास्त आहेत, पण त्यांवर चर्चा करायला आधी घरातलं वातावरण निवळलं पाहिजे. ती म्हणाली, तुम्ही सुधारल्याशिवाय ते निवळणार नाही. मी म्हटलं, प्रत्येक घराची आपली वैशिष्ट्यं असतात आणि सुधारणा बाहेरून लादता येत नाहीत. तिनं शांतपणे विचारलं, "बाहेरून? मी बाहेरची?" आणि बॅग भरायला घेतली. मी दारात उभा राहून म्हटलं, आधी घरी ये, मग सुधारतो. मामा, तेव्हा ती अजून गेलेलीसुद्धा नव्हती.

परिषद आटोपल्यावर मी मनाशी ठरवलं, की आता सॉल्टला जायचं आणि इन्तिसारला परत पाठवा असं रीतीनं मागणं घालायचं. रीत तुम्हाला मी काय सांगणार? आमच्या लग्नाचं मागणं घालायला तुम्हीच वडीलधारे घेऊन गेला होतात. कॉफीचा पेला समोर ठेवलात, बोट लावलं नाहीत, आणि तिच्या वडिलांनी हो म्हटल्यावरच उचललात. ज्याचं मागणं बाकी आहे, त्यानं पेला प्यायचा नसतो. एकदा प्यायला की मागणं संपलं. हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी एकटाच गेलो, कारण वडीलधारे नेले असते तर खात्यात बोभाटा झाला असता. मेहुणा हाएल (पोलिसातून निवृत्त झालाय, पण चेहरा अजून नोकरीत आहे) रीतीचा पक्का. त्यानं बैठकीत बसवलं, स्वतः कॉफी ओतून पेला हातात दिला आणि माझ्या तोंडाकडे बघत बसला. पेला खाली ठेवून सुरुवात करायची, एवढंच माझं काम होतं. तेवढ्यात त्यानं सभ्यपणे विचारलं, "काय अबू यझन, परिषद कशी झाली?" (यझनचा बाप झाल्यापासून त्यानं मला माझ्या नावानं हाक मारलेली नाही.)

झालं! मी पर्यावरणाचं वाक्य समजावून सांगायला लागलो. गेले कित्येक दिवस मी वाद तुंबला की कॉफी, आणि सुटला की कॉफी, असं जगत होतो. हाताला सवय लागलेली. परिच्छेद जुळला तिथपर्यंत मी बोलत आलो, पेला तोंडाला लावला, रिकामा केला, आणि वर पुरे म्हणून हलवूनही दाखवला. हाएलचे डोळे त्या पेल्यावरच खिळले. आतल्या खोलीत कुणीतरी झाकण जोरात आपटलं. झाकण आपटण्याची ती पद्धत मी ओळखतो. हाएल म्हणाला, "अंगी लागो, अबू यझन," आणि बकऱ्यांचे भाव किती वाढलेत ते सांगायला लागला. ज्याचं काही मागणंच उरलं नाही, त्याच्याशी माणूस आणखी काय बोलणार? मीही बकऱ्यांवर एकंदर समाधान व्यक्त केलं आणि उठलो.

गाडीपाशी पोचलो तर इन्तिसार मागून आली. हात पिठाचे होते. वाळली आहे थोडी. मला तिला ते सांगायचं होतं.

"काय मागायला आला होतात?" तिनं विचारलं.

आणि मामा, मी म्हणालो, परिस्थितीचा एकंदर आढावा घ्यायला.

"घेतलात? मग या आता."

सॉल्टहून अम्मानपर्यंतचा रस्ता मला आठवत नाही. घरी येऊन बातम्या लावल्या, त्यात माझा अर्धा कान पुन्हा दिसला. मी 'इन्तिसार, बघ' म्हणायला वळलो, तर कोच रिकामा. फार एकटं वाटतं मामा. हे कंसात लिहिणार होतो, पण राहू दे. बाकी सर्व क्षेम. मामींना सलाम.

आपला भाचा,
नवाफ

ता. क. खरं कारण लिहायचं राहिलं. उद्याचा सोडून पुढच्या शुक्रवारी तुम्ही चार वडीलधारे घेऊन सॉल्टला याल का? पेला तुमच्या हातात असेल. मी दिवाणखान्याच्या टोकाला हाताची घडी घालून बसेन.

ता. क. २. वरचं रद्द समजा. आत्ताच इन्तिसारचा फोन आला होता. म्हणाली, वडीलधारे आणाल तर दार उघडणार नाही. एकटे या, कॉफी हवी तेवढी प्या, पण एक वाक्य बोला, तुमचं स्वतःचं. ते ऐकून यायचं की नाही ते ठरवेन. मी दुपारपासून कागद घेऊन बसलोय. जे लिहितो त्यात 'उभय बाजूंनी' येतंच. तुम्ही उभ्या आयुष्यात मामींशी मोजकंच बोललात, तरी त्या कधी माहेरी निघून गेल्या नाहीत. तर मला एक कच्चा मसुदा पाठवा. स्वतःचं मी तो नंतर करून घेईन.

ता. क. ३. पाकीट चिकटवणार होतो, तेवढ्यात आमच्या गल्लीचं आठवड्याचं पाणी आलं. गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली आणि मी जागेवरून मोठ्यानं ओरडलो, "इन्तिसार, पाणी वाहतंय, कुठे आहेस तू?" कुणी ओ दिली नाही. पाणी बराच वेळ वाहत राहिलं. मसुदा न करता माझ्या तोंडून निघालेलं एवढं एकच वाक्य आहे. सॉल्टला जाऊन हेच म्हटलं तर चालेल का, तेवढं कळवा.