झेलिपाची मान

सोमवार, ३ जून

सही केली नाही. करणार नाही!

म्बेवे सरांनी कागद तयारच ठेवला होता — झेलिपा, वय नऊ, शिकण्यास अपात्र, घरी पाठवावे. मुख्याध्यापक म्हणून त्यांची सही झालेली. वर्गशिक्षिकेची जागा कोरी. म्हणाले, दुसरीत तिचं तिसरं वर्ष. त्यात उद्धट. मोठं माणूस बोलत असताना त्याच्या तोंडाकडे टक लावून बघते.

मी तीन आठवडे मागितले. हसले.

‘म्वाले मॅडम, तीन वर्षांत दिसलं नाही ते तीन आठवड्यांत दिसणार?’

दिसेल. बघितलंच कुणी होतं!

बुधवार, ५ जून

माझ्यापुरता नियम — हुशार, मठ्ठ, आळशी हे शब्द बंद. डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहायचं.

आज दिसलं ते: मधल्या सुट्टीत झेलिपाने ओढ्याच्या मातीचे सात बैल केले. सातही वेगळे. शेजारच्या वर्गाच्या चुलू मॅडमनी एक उचलला आणि म्हणाल्या, ‘अगं बाई, हा तर आमच्या घरचा लंगडा!’ मागचा पाय अगदी तसाच ओढत टाकलेला.

मंगळवार, ११ जून

पंपावर नंबरावरून दोन बायकांची जुंपली. झेलिपाने मुकाट्याने बादल्या उचलून रांगेत मांडल्या — कोण कुणाआधी आलं, ते सगळं तिच्या ध्यानात. एकोणीस बादल्या. एकीनेही हरकत घेतली नाही.

आणि वर्गात हीच मुलगी ‘पाटी काढ’ म्हटलं तर तशीच बसून राहते. का?

गुरुवार, १३ जून

सर स्टाफरूममध्ये माझी ही वही बघून म्हणाले, बाई शिक्षिका आहेत की पोलीस. असू दे.

मंगळवार, १८ जून

लिहिलंच पाहिजे.

झेलिपाच्या घरी गेले होते. तिची आजी भुईमूग सोलत होती. नातीला काही सांगायचं की आधी हनुवटी धरून तोंड वर करायची, मग बोलायची. मला वाटलं, लाडावलंय. आजी सहज बोलून गेली, ‘गोवर येऊन गेल्यापासून हिला असंच सांगावं लागतं. तोंड बघू दे, मग चुकत नाही.’

मी झेलिपाच्या मागे जाऊन उभी राहिले. नाव घेतलं. मग मोठ्याने घेतलं. अंगणातल्या शेळीने मान वळवली, हिने नाही. पुढे आले आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले — ती टोपली आण.

आणली.

ऐकू येत नाही तिला! ती आमची तोंडं वाचते. आणि आम्ही मुलांना शिकवतो — मोठ्यांसमोर डोळे खाली, हा मान, हे वळण! तीन वर्षं मी स्वतः बोटाने तिची हनुवटी खाली दाबली आहे. प्रेमानेच. तेच जास्त लागतंय.

शुक्रवार, २१ जून

बैठक झाली. टेबलावर बैल मांडले, वही वाचून दाखवली. सर म्हणाले, बहिरी असेल तर शहरात वेगळी शाळा आहे. आणि इथे पोरी वडीलधाऱ्यांकडे रोखून बघायला लागल्या, तर गाव जाब मला विचारेल.

‘गावाला माझ्याकडे पाठवा,’ मी म्हटलं. ‘माझी बदली करायची तर करा, सर. पण सही माझी आहे. ती मिळणार नाही.’

इतका चढा आवाज मी त्यांच्यापुढे कधी काढला नव्हता. चुलू मॅडम उठल्या. खुर्ची उचलून माझ्या बाजूला येऊन बसल्या.

सरांनी कागद घडी करून खिशात घातला. एका सत्राची मुदत. वर्गात काय करायचं ते करा, म्हणाले.

सोमवार, २४ जून

तिला एकटीला वेगळं पाडायचं नाही. सगळ्या वर्गालाच सांगितलं — मी बोलत असताना माझ्या तोंडाकडे बघायचं. कुणी हललं नाही. मग मी झेलिपासमोर गुडघे टेकले, जसे मुलं आमच्यापुढे टेकतात, आणि तिची हनुवटी वर केली. तिच्यामागून एकेक मान उठली.

वीस वर्षं शिकवते आहे. वर्गाचे डोळे आज पहिल्यांदा पाहिले.