जेवण म्हणजे भात

आई, तुझ्यावर चिडून लिहितेय. आणि तू भांडायलाही नाहीस, याचा जास्त राग येतोय. भाताची झोडणी संपली की खळ्यावर सगळ्यांचं मिळून जेवण असायचं आणि कोणी काय आणायचं ते तू ठरवायचीस. हिने भात, तिने डाळ, कोणी वांगी. गावाबाहेरच्या वाडीवरची बाई आपल्याकडे दिवसभर झोडणीला असायची, तिला मात्र दर वर्षी एकच सांगायचीस, "तू पानं आन गो." ती पळसाची पानं आणायची, आपण त्यांवर जेवायचो आणि ती जरा लांब बसायची. "हिच्या घरी कालवण करत नाय का?" असं मी एकदा मोठ्याने विचारलं, तेव्हा तू डोळे वटारलेस. अजून आठवतात ते डोळे.

म्हणून परवा बचत गटाचं जेवण आपल्या अंगणात ठेवलं, तेव्हा मी मुद्दाम कोणाला काहीच वाटून दिलं नाही. त्या बाईची मुलगी आता आमच्या गटात आहे. ग्रुपवर एवढंच टाकलं, 'रविवारी सगळ्यांनी घरून जेवण आणा.' झालं! नऊ जणी आल्या, नऊ पातेली उघडली, नऊच्या नऊमध्ये भात. मी कपाळावर हात मारला.

"तुमीच लिवलं ना, जेवन आना? जेवन म्हंजे भातच ना गो!" वर हसतायत! मुरबाडला माहेर असलेलीने तर दोन पायली शिजवून आणला होता.

शेवटी त्या वाडीवरच्या बाईची मुलगी आली. तिच्या टोपात सुक्या बोंबलाचं कालवण, लालभडक. म्हणाली, "आमची कुटं शेती? भात तुमी सगल्या आननार, म्हून मी कालवान केलं." आख्ख्या गटात डोकं चालवलं ते हिने एकटीने.

एकीला एकदम आठवलं की ती रविवार पाळते. दुसरी म्हणे, घरून डाळ मागवते. मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. यजमानीण मी, पहिली वाटी मी पुढे करायची. मी लोणच्याची बरणी उघडली. ती टोपावर झाकण ठेवायला लागली, तेवढ्यात शेजारची म्हातारी काकू, तुझीच मैत्रीण, ओरडली, "बोंबील समोर आन् लोनच्याशी भात खाऊ काय? वाढ गो मला!" मग टोप पुसून खाल्ला सगळ्यांनी, मीही. रविवारवालीनेसुद्धा.

ग्रुपवर फोटो फिरतायत, मस्त झाला कार्यक्रम म्हणून. मला मात्र स्वतःचा संताप येतोय. हे पत्र कुठे पाठवू? आणि तू असतीस तरी दिलं नसतं, कारण एक गोष्ट तुला लगेच कळली असती. भात कोरडा होता म्हणून बरणी काढली, असं मी सगळ्यांना सांगितलं. पण भाताचा घोळ झाला रविवारी. बरणी मी शनिवारीच काढून ठेवली होती, ती वाडीवरची घरून काही करून आणेल म्हणून.