पपईच्या बाजूने

प्रिय ठमे,

परवा तुझा फोन मी घाईघाईने ठेवून दिला, म्हणून फुगली असशील. पण काही गोष्टी फोनवर सांगताच येत नाहीत. तू सारखी मध्ये बोलतेस. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही, हा केवढा तरी फायदा!

तर बातमी अशी, की आपल्या वसाहतीच्या सहकारी भांडारात जनुकं बदललेली पपई ठेवायची की नाही, यावरून इथे नुसतं रण माजलं होतं. झाडावर रोग पडू नये म्हणून प्रयोगशाळेत तिच्यात फेरफार केलाय. बाकी दिसायला, चवीला पपईसारखी पपई. पण कुणीतरी जिन्यात कागद चिकटवला, ‘आमच्या मुलांवर प्रयोग नकोत’, आणि झालं! एरवी हवापाण्यापलीकडे न बोलणाऱ्या बायका मला भाजीच्या पिशव्यांसकट गाठायला लागल्या. अन्नतपासणीत सगळी नोकरी काढलेली बाई इथे दुसरी कोण? मग भांडाराच्या मागच्या खोलीत, तेलाच्या डब्यांमध्ये खुर्च्या मांडून सभा सुरू झाल्या. पपईच्या बाजूने मी. विरुद्ध बाजूला कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाचे जुने मालक. दुकान आता पुतण्या बघतो. उंच, किडकिडीत गृहस्थ, खिशाला अडकवलेला चष्मा टेबलभर शोधणारे.

मला वाटलं, विषबिष काहीतरी बडबडतील आणि मी त्यांना दोन मिनिटांत गप्प करीन. कसलं काय! मी समजावून सांगितलं, की नवं प्रथिन पोटात पचतं का, ॲलर्जी देणाऱ्या प्रथिनांशी त्याचं साम्य आहे का, हे सगळं तपासूनच या पपईला परवानगी मिळालीय. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मॅडम, तुमच्या तपासणीवर माझा विश्वास आहे. पण मी जन्मभर औषधं विकली. तपासलेलं औषधही एखाद्याला सोसत नाही. तो बाटली घेऊन येतो, मी नाव वाचतो, आणि कशाने त्रास झाला ते कळतं. या पपईवर नाव कुठंय?” ठमे, त्या दिवशी घरी येऊन मी भांडी जरा जोरातच घासली.

पुढच्या सभेत मी सरळ पपई कापली आणि सगळ्यांसमोर बशीभर खाल्ली. एका बशीने काहीही सिद्ध होत नाही, हे मला पक्कं ठाऊक. माझ्या हाताखालच्या कुणी असला पुरावा आणला असता, तर मी त्यालाच सोलून काढलं असतं. पण टाळ्या पडल्या. या गृहस्थांनी मात्र वाजवल्या नाहीत. सकाळी त्यांचा फोन. “पोट कसंय?” मी म्हटलं, “उत्तम. निराशा झाली ना?” तर म्हणतात, “फार. पण जीव भांड्यात पडला.” दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, मग रोजच. पपई केव्हाच पचली, चौकशी चालूच राहिली. एके दिवशी फोन आला नाही, तर खोकल्याच्या औषधाचं निमित्त काढून मी दुकानात हजर. पुतण्या हसू दाबत म्हणाला, “काकांचा घसा बसलाय, बाकी ठणठणीत आहेत.” मला एकदम हलकं वाटलं. आणि एवढं हलकं का वाटलं, याचीच धास्ती वाटली.

शेवटच्या सभेत मीच सुचवलं, की पपई ठेवा, पण ठळक पाटी लावून, आणि साधी पपईही शेजारीच ठेवा. माझ्या बाजूच्यांनी नाकं मुरडली. अनुमोदन दिलं ते त्यांनी. पाटीही त्यांनीच लिहिली, पण डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून वाचून अक्षर असं झालंय, की कुणाला एक शब्द लागेना. मी पुन्हा लिहिली. ते अजून ती पपई खात नाहीत. मी म्हणते, तुमची भीती अवाजवी आहे. ते म्हणतात, तुमची खात्री अवाजवी आहे. संध्याकाळी तळ्याभोवती फिरताना हेच चालतं. तुझे बाबा गेल्यापासून सगळे माझी समजूतच काढत होते गं. मनापासून भांडायला कुणी नव्हतं.

आता खरं काय ते सांगते. यांनी मला लग्नाचं विचारलं आणि मी हो म्हटलं. बघ, ‘त्यांनी’ लिहायचं होतं, ‘यांनी’ लिहून गेले. बाबांचा फोटो बाहेरच्या खोलीतच राहील. मी विषय काढायच्या आत हे त्यांनीच सांगितलं. मी तुझी परवानगी मागत नाहीये, पण तुझ्या होकाराची वाट मात्र बघतेय. पुढच्या महिन्यात नोंदणी आहे. तिथल्या कारकुनाने विचारलं, तुमच्या बाजूने सही कोण करणार, तर मी तुला न विचारताच तुझं नाव सांगून बसलेय. येशील ना?

तुझीच, या वयात लाजायला लागलेली,
आई