पाड्यावरच्या विहिरीचा अहवाल

पालघर,
रविवार, २३ मार्च २०२५

सौ. पारूवहिनीस,

दीपिकाचा नमस्कार. मी बरी आहे. तू, दादा, तेजल कशी आहात? तेजलची परीक्षा जवळ आली असेल, तिला उन्हात फिरू देऊ नकोस.

महिना झाला, तू माझा फोन उचलत नाहीस. अंकुशदादाला विचारलं की म्हणतो, "ती कामात हाय." दादाला खोटं बोलता येत नाही.

विहिरीवर लाल रंग मारला आणि टँकर सुरू झाला, हे कळलं. सकाळी येतो की दुपारी? पिंप झाकून ठेवत जा. बघ, पुन्हा भलतंच लिहितेय. दोनदा पत्र अर्धवट टाकून उठले, नुसतीच घरात फिरले, परत बसले.

माझं काम मी तुला कधी नीट सांगितलं नाही. आमच्या पाणी खात्याच्या प्रयोगशाळेत गावोगावचे नमुने येतात, मी तपासते आणि अहवालावर सही करते. पाणी पिण्यालायक नसेल तर चोवीस तासांत ग्रामपंचायतीला लेखी कळवायचं, विहिरीवर खूण करायची, दुसऱ्या पाण्याची सोय करायची. ही मेहेरबानी नाही, खात्यावर कायद्याने टाकलेली जबाबदारी आहे. नोकरीला लागले तेव्हा हे सगळं मला तोंडपाठ होतं.

दादा गावच्या पाणी समितीत आहे म्हणून आपल्या विहिरीच्या नमुन्याची बाटली त्यानेच आणून दिली होती. सात फेब्रुवारीला निकाल आला. पाण्यात नायट्रेट लिटरमागे पंचेचाळीस मिलिग्रॅमपर्यंत चालतं, आपल्या विहिरीत एकशे अठरा निघालं. त्याला ना रंग, ना वास. मोठ्यांना लगेच काही होत नाही, पण वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाच्या रक्तातून प्राणवायू नीट वाहत नाही. बाळ निळं पडतं.

साहेबांना कागद दाखवला. ते म्हणाले, "मार्च तोंडावर आलाय. आत्ता एक विहीर अयोग्य दाखवली की अख्ख्या तालुक्याचा तक्ता बिघडतो. फेरनमुना येऊ दे, मग पत्र काढू." मी कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. साहेबांनी ठेवला नाही, वहिनी. मी ठेवला.

चौदा दिवस तो तिथेच होता. एकवीस तारखेला मंगळीची तान्ही पोर निळी पडली, तिला पालघरच्या दवाखान्यात आणलं. मंगळी तारापूरच्या कारखान्यात पॅकिंगला जाते, मागे नवसीआजी बाळाला पावडरचं दूध पाजते. आजीने पाणी दर वेळी उकळून घेतलं होतं. डॉक्टरांना ती सारखी सांगत होती, "मी चांगला उकलला हो." उकळून नायट्रेट जात नाही, पाणी आटतं तसं ते आणखी दाट होतं. हे तिला कोण सांगणार होतं? ते सांगणं माझं काम होतं.

पोर वाचली. ऑक्सिजन लावला, शिरेतून औषध दिलं, सहाव्या दिवशी घरी सोडलं.

पोरीला आणलं त्याच दुपारी मी ग्रामपंचायतीला पत्र दिलं. साहेब म्हणाले, निकालाची तारीख एकवीस टाक. मी सातच टाकली. आता चौकशी चालू आहे, मलाही नोटीस आली आहे. ऑफिसात दोघं-तिघं मला धीट म्हणतात. ते ऐकवत नाही.

कारण चौकशीत मी सगळं सांगितलं, एक सोडून. तेवढं आजपर्यंत तुला आणि मलाच ठाऊक होतं.

सात तारखेला दुपारी मी तुला फोन केला होता. म्हटलं, "वहिनी, विहिरीत औषध टाकणार आहेत, काही दिवस ते पाणी पिऊ नका. बोईसरहून जार मागवा." औषध कोणी टाकणार नव्हतं. तेजलचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि मी खोटं बोलले. माझं घर वाचवलं आणि परत कामाला लागले. बाकी तीस घरं ते पाणी पीत राहिली. मंगळीचं घर तुझ्या अंगणापासून वीस पावलांवर आहे.

दवाखान्यात मंगळीने तुला विचारलं होतं, "तुमी जारचा पानी कधीपासून पिता गं?" मी दारात उभी होते. तू माझ्याकडे एकदा पाहिलंस, आणि तेव्हापासून माझा फोन उचलत नाहीस.

आज सकाळी मी मंगळीकडे जाऊन आले. तुझ्या दारावरून गेले, आत यायचं धाडस झालं नाही. तिला सगळं सांगितलं. तुला खरं कारण माहीत नव्हतं, हेही. ती रडली नाही, ओरडली नाही. फक्त विचारलं, "माजा नंबर पन तुज्याकडं होता ना?"

"होता," मी म्हटलं.

ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

गुरुवारी ग्रामसभा आहे. तिथे सगळ्यांसमोर हेच सांगणार आहे, आणि चौकशीतही लिहून देणार आहे. नोकरी जाईल की राहील, ठाऊक नाही. दादाला सांग, समितीत बसून बहिणीची बाजू घेऊ नकोस. आणि तू मंगळीकडे जा. माझ्यासाठी गप्प राहून तू एकटीने जे वाहिलंस, ते आता तुझं नाही.

मला माफ कर असं लिहिणार होते. पण माफी आधी मंगळीकडून मिळायला हवी.

'तुझी' लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतीच,

दीपिका