पुढून अर्धा इंच जास्त

वारूळवाडी,
१४ जानेवारी २०२५

चि. सुनील यास,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

कळंबच्या पाहुण्यांनी तुझं कापड आणून दिलं. लाल-हिरव्या चौकड्यांचं, लोकरीचं. नुसता हात ठेवला तरी ऊब लागते. तू काढलेलं चित्र आईला दाखवलं. तिकडचे पुरुष असा चुण्यांचा घागरा घालतात आणि त्याला किल्ट म्हणतात, हे तिला काही पटेना. "बाप्याला घागरा? मंग माझ्या सुनेनं, वैजयंतीनं, काय धोतर नेसावं?" असं म्हणून बऱ्याच दिवसांनी हसली. तिला फोनवर ऐकू येत नाही म्हणून तू पत्र लिहितोस, ते चांगलं करतोस. मी तिच्या कानाशी मोठ्यानं वाचतो. प्रत्येक पत्र दोनदा वाचायला लावते.

शर्ट-पँटी शिवण्यात माझी तीस वर्षं गेली, हे काम नवीन आहे. पण जूनमध्ये श्रेयाच्या शाळेत तुम्ही बाप-लेक एकसारखे किल्ट घालून नाचणार म्हणतोस, तर शिवीन. तुझं माप मिळालं, तिचं राहिलं. नीट टेप लावून घे. कंबर, आणि कंबरेपासून गुडघ्यापर्यंतची लांबी, पुढून आणि मागून वेगळी. नऊ वर्षांची पोर म्हणजे दर महिन्याला वाढत असणार.

लोभ आहे, तो उसवू नये.
तुझा,
गोरखदादा

*

ग्लासगो,
३ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
सुनीलचा शि. सा. न. वि. वि.

आईला सांग, धोतर आपल्याला चालेल असं वैजयंती म्हणाली. इथं सगळे मजेत आहोत. थंडी फार आहे. श्रेयाचा अभ्यास बरा चाललाय.

तिचं माप लिहून घे. कंबर साडेएकवीस, लांबी पुढून चौदा, मागून साडेतेरा. टेप लावला की तिला गुदगुल्या होतात, एका जागी उभीच राहत नव्हती. इथल्या दुकानांत तयार किल्ट मिळतात, पण तिला सांगून ठेवलंय की आपले काका शिवणार आहेत. जूनच्या आत मिळेल असं बघ.

आईच्या पायांवर डोकं ठेवतो. तुझी माया अशीच राहू दे.
तुझा,
सुनील

*

वारूळवाडी,
२४ फेब्रुवारी २०२५

चि. सुनील यास,
आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. श्रेयाला गुदगुल्या होतात, तेवढं तिनं तीनदा ऐकलं. हे पत्र मात्र मी तिला न सांगता लिहितो आहे.

कापड बेतण्याआधी मापांची वही काढली. २०२१ च्या दिवाळीत तुम्ही आला होतात तेव्हा श्रेयाला मी निळा स्कर्ट शिवला होता. सहा वर्षांची होती. पोट पुढे काढून उभी राहायची. अशा मुलाचा कपडा पुढून वर उचलला जातो, म्हणून पुढची बाजू अर्धा इंच जास्त ठेवली. वहीत लिहिलं आहे, साडेएकवीस, चौदा, साडेतेरा. तुझ्या पत्रातही तेच आकडे आहेत.

सुनील, नऊ वर्षांच्या मुलीचं पोट तसं राहत नाही. आणि तीन वर्षांत कोणाचंही लेकरू बोटभर तरी वाढतंच. तू टेप पोरीला लावला नाहीस, माझ्या जुन्या स्कर्टला लावलास. का, ते खरं लिही. रागावण्यासाठी विचारत नाही.

तुझा,
गोरखदादा

*

ग्लासगो,
१६ मार्च २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

स्कर्ट माझ्या कपाटात राहिला होता. पलंगावर पसरून माप घेतलं.

वैजयंती श्रेयाला घेऊन डंडीला राहायला गेली, त्याला दीड वर्ष झालं. मी रागाच्या भरात घरात ताटं फेकायचो. हे आजवर तुला लिहिलं नाही, पण खरं आहे. दर शनिवारी मी डंडीला जाऊन श्रेयाला भेटायचं ठरलं होतं. पहिले काही शनिवार गेलो. मग ड्यूटी आहे असं कळवायला लागलो. ड्यूटी नसायची. त्या दारात उभं राहण्याची लाज वाटायची. आता वर्ष होत आलं, गेलेलो नाही.

शाळेच्या कार्यक्रमाला मला कोणी बोलावलेलं नाही. वेबसाइटवर वाचलं. वाटलं, दोन सारखे किल्ट हातात असले तर दार वाजवायला काहीतरी निमित्त होईल.

आईला कळू देऊ नकोस. एवढी एक माया कर.
तुझा,
सुनील

*

डंडी,
१४ एप्रिल २०२५

ती. गोरखदादांस,
वैजयंतीचा सा. न. वि. वि.

माझ्या माहेरी, अवसरीला जाऊन तुम्ही बाबांकडून माझा पत्ता घेतलात. पत्रात भावाची बाजू मांडली असेल असं समजून मी ते दोन दिवस उघडलं नाही. तुम्ही फक्त श्रेयाचं माप मागितलंत. तुमच्याबद्दल आदर होता, तो वाढला. तरी माप पाठवत नाही, राग मानू नका.

शनिवारी सकाळी दहाला ती बूट घालून जिन्यात बसायची. दोन वाजले तरी उठायची नाही. जेवायला हाक मारली की म्हणायची, बूट काढले आणि तेवढ्यात बाबा आले तर पुन्हा घालायला उशीर होईल. असे सात शनिवार बसली. आठव्या शनिवारी तिनंच बूट कपाटात ठेवले. तेव्हापासून त्याचं नाव काढत नाही.

ग्लासगोहून इथं सव्वा तासात गाडी येते. ज्याची मुलगी आहे त्यानं येऊन माप घ्यावं. मी दार उघडीन. पुढचं ती ठरवेल.

आईंना नमस्कार. त्यांचा आणि तुमचा लोभ माझ्याकडून तुटलेला नाही.
आपली,
वैजयंती

*

वारूळवाडी,
२ मे २०२५

चि. सुनील यास,
आशीर्वाद. वि. वि.

तुझा किल्ट पाठवला आहे. चुण्या घालताना चौकडा चौकड्यावर बसवायला सहा दिवस लागले. दोनदा सगळं उसवलं. पुड्यात टेप आहे, माझ्या गळ्यात असतो तोच. वैजयंतीच्या पत्राची झेरॉक्सही आहे. बूट आणि जिन्याचा भाग शेवटपर्यंत वाच.

श्रेयाचं कापड मी माझ्याकडे ठेवलं आहे. तू स्वतः घेतलेलं माप आलं की आठ दिवसांत शिवून पाठवीन. ती टेप लावू देणार नाही कदाचित. तरी जा. मुक्ताबाईच्या यात्रेला नारळ वाहिला, पण तिकडची गाडी काही देवी पकडणार नाही.

लोभ आहे, म्हणून स्पष्ट लिहिलं.
तुझा,
गोरखदादा

*

ग्लासगो,
३० जून २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

कार्यक्रम होऊन गेला. त्या दिवशी किल्ट घालून स्टेशनवर गेलो. तिकीटही काढलं. गाडी आली, दारं उघडली, बंद झाली. मी बाकावर बसून होतो. चारचौघांत ती नाही म्हणाली असती तर मी काय केलं असतं?

तू असं कर. तिचा किल्ट अंदाजानं शीव, जरा मोठाच. मी पोस्टानं पाठवून देईन.

मायेतून उतरवू नकोस.
सुनील

*

वारूळवाडी,
२० जुलै २०२५

चि. सुनील यास,
आशीर्वाद. वि. वि.

अंदाजानं मी परक्याचाही कपडा शिवत नाही.

चारचौघांत ती नाही म्हणाली असती, तर तू ते ऐकून घ्यायचं होतंस. तिनं सात शनिवार ऐकून घेतलं. याहून जास्त मला काही सुचत नाही.

तिचं कापड आईच्या गुडघ्यांवर असतं. या गार हवेत तिला बरं वाटतं. मी तिला म्हटलं, दोन्ही किल्ट पाठवल्यावर उरलेला तुकडा आहे. संध्याकाळी मी हरिपाठाला बसलो की ती विचारते, पोरीला बसला का, पोरगी नाचली का. रोज विचारते. तिला ऐकू येत नाही, म्हणून नाचली, नाचली, असं ओरडून सांगावं लागतं. शेजारची कुशाबाई परवा पेढे मागायला आली.

खोटं निदान हळू बोलता यावं, तर माझ्या नशिबी तेही नाही.

टेप परत पाठवू नकोस. दुसरा आणला आहे.

गोरखदादा